सक्तीचे मतदान आणि प्रातिनिधिक लोकशाही
बुलढाणा जिल्ह्याच्या अनुभवावरून एक अभ्यास

निवडणूक आटोपली, निकाल जाहीर झाला आणि मतदानाची टक्केवारी प्रसिद्ध झाली की एक सूचना हटकून पुढे येते. जे नागरिक मतदानास जात नाहीत त्यांना कायद्याने मतदान करावयास लावावे, म्हणजे लोकप्रतिनिधी खऱ्या अर्थाने सर्वांचे प्रतिनिधी होतील, अशी ती सूचना होय. ती करणाऱ्यांचा हेतू चांगला असतो आणि प्रथमदर्शनी ती पटण्याजोगीही वाटते. परंतु मतदारांची उपस्थिती वाढणे आणि लोकशाही अधिक प्रातिनिधिक होणे या दोन गोष्टी एकच आहेत काय, याचा विचार शांतपणे व्हावयास हवा. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार मुख्यतः बुलढाणा जिल्ह्यातील परिस्थितीच्या आधारे केला आहे.

आकडे काय सांगतात ?

बुलढाणा लोकसभा मतदारसंघात बुलढाणा, चिखली, सिंदखेड राजा, मेहकर, खामगाव व जळगाव जामोद हे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. जिल्ह्यातील सातवा, मलकापूर मतदारसंघ हा रावेर लोकसभा मतदारसंघाचा भाग आहे. दिनांक २६ एप्रिल २०२४ रोजी बुलढाणा लोकसभा मतदारसंघात मतदान झाले, तेव्हा मतदार यादीत सुमारे १७ लाख ८२ हजार नावे होती. त्यांपैकी सुमारे ६२ टक्के मतदारांनी मतदान केले. याचा अर्थ पावणेसात लाखांच्या आसपास मतदार मतदान केंद्रापर्यंत पोहोचले नाहीत. विजयी उमेदवारास ३ लाख ४९ हजार ८६७ मते मिळाली आणि विजयाचे अंतर २९ हजार ४७९ मतांचे होते. त्याच वर्षी २० नोव्हेंबर रोजी झालेल्या विधानसभा निवडणुकीत बुलढाणा मतदारसंघाचा निकाल तर अवघ्या ८४१ मतांनी लागला.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की, अनुपस्थित मतदारांची संख्या विजयाच्या अंतराहून कितीतरी मोठी होती; ते आले असते तर निकाल कदाचित वेगळा लागला असता, कदाचित तोच राहिला असता. सक्तीचा पुरस्कार करणाऱ्यांचे म्हणणे येथे खरे आहे. दुसरी गोष्ट मात्र सहसा नजरेआड होते. विजयी उमेदवारास मिळालेली मते झालेल्या मतदानाच्या शेकडा बत्तीसच्या जवळपास होती. लोकसभेची ही लढत प्रामुख्याने तीन उमेदवारांत विभागली गेली होती. यादीतील प्रत्येक मतदार आला असता आणि मते याच प्रमाणात विभागली गेली असती, तरी विजयी उमेदवाराच्या मागे मतदारांचा एकतृतीयांशाहून कमी भागच राहिला असता. सर्वाधिक मते मिळविणारा विजयी, ही आपली निवडणूक पद्धती आहे. उपस्थिती वाढल्याने या पद्धतीचे गणित बदलत नाही.

प्रातिनिधिक म्हणजे काय ?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे मताधिकाराविषयी साक्ष दिली. प्रतिनिधित्व हे मतांचे असते तसेच माणसांचेही असते, आणि केवळ मतदार असणे पुरेसे नसून कायदे करणाऱ्यांतही आपले स्थान असले पाहिजे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. प्रातिनिधिकतेची ही दुहेरी कसोटी आजही उपयोगी पडते. लोकांची मते सभागृहात पोहोचतात काय, हा तिचा पहिला भाग. ज्यांचे जीवन त्या कायद्यांनी घडते किंवा बिघडते, ती माणसे सभागृहात दिसतात काय, हा दुसरा.

त्या काळी वऱ्हाडात मताधिकार शेतसारा, मालमत्ता किंवा शिक्षण यांच्या अटींनी जखडलेला होता. शेतमजूर, कूळ आणि बहुसंख्य स्त्रिया यांना मतच नव्हते. स्वातंत्र्यानंतर घटनेच्या ३२६ व्या अनुच्छेदाने ही भिंत एका फटक्यात पाडली. १९५१-५२ सालच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत १७ कोटींहून अधिक मतदार नोंदले गेले. तथापि निम्म्याहून कमी मतदारांनीच मतदान केले. काही राज्यांत सुमारे २८ लाख स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची पत्नी किंवा तमक्याची मुलगी एवढीच नोंद दिल्यामुळे त्यांची नावे यादीतून वगळावी लागली होती.

लोकप्रतिनिधित्व कायद्याची चर्चा १९५१ साली संसदेत चालू असताना एका सदस्याने सक्तीच्या मतदानाची सूचना मांडली. विधिमंत्री या नात्याने डॉ. आंबेडकरांनी व्यावहारिक अडचणींच्या कारणास्तव ती स्वीकारली नाही. १९९० साली दिनेश गोस्वामी समितीनेही याच कारणाने ती बाजूस ठेवली आणि विधी आयोगाने मार्च २०१५ मधील आपल्या २५५ व्या अहवालात तिच्याविरुद्ध मत दिले. घटनेच्या ५१-अ अनुच्छेदात नागरिकांची मूलभूत कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांत मतदानाचा समावेश नाही.

परदेशांतील अनुभव

सक्तीचे मतदान असलेल्या देशांत ऑस्ट्रेलियाचे उदाहरण नेहमी दिले जाते. तेथे १९२२ च्या निवडणुकीत ६० टक्क्यांहून कमी मतदान झाले. १९२४ साली कायदा झाला आणि १९२५ च्या निवडणुकीत मतदान ९० टक्क्यांच्या वर गेले. सक्तीमुळे श्रमिक वर्गाचे मतदार मोठ्या संख्येने बाहेर पडले व त्याचा परिणाम पक्षांच्या बलाबलावर झाला, असे अभ्यासकांनी दाखविले आहे. नेदरलँड्समध्ये १९१७ पासूनची सक्ती १९७० साली उठविण्यात आली, तेव्हा ९५ टक्क्यांच्या आसपास असलेले मतदान पुढच्याच वर्षी ७९ टक्क्यांवर आले. चिलीने २०१२ साली मतदान ऐच्छिक केले आणि २०२२ साली ते पुन्हा सक्तीचे केले. सक्तीने उपस्थिती वाढते, याविषयी शंका घेण्यास फारशी जागा नाही. ज्या देशांत प्रामुख्याने गरीब व अल्पशिक्षित माणूस घरी राहतो, तेथे त्याचा आवाजही त्यामुळे वाढतो, हे मान्य केले पाहिजे.

परंतु ऑस्ट्रेलियाच्याच इतिहासात आणखी तीन गोष्टी आहेत. तेथे मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो. त्यामुळे लोकसभेसारख्या त्यांच्या कनिष्ठ सभागृहात निवडून येणाऱ्यास अखेरीस निम्म्याहून अधिक मतांचा आधार मिळतो. तो सक्तीचा परिणाम नसून पसंतीक्रमाचा आहे. दुसरी गोष्ट, तेथील आदिवासींना देशपातळीवरील मताधिकार सरसकट मिळाला तो १९६२ साली, म्हणजे सक्ती आल्यानंतर ३८ वर्षांनी. त्या सर्व काळात मतदानाची टक्केवारी नव्वदच्या वर होती आणि त्या भूमीचे मूळ रहिवासी त्या टक्केवारीत मोजलेच जात नव्हते. यादीबाहेर कोण आहे, हे टक्केवारी कधीच सांगत नाही. तिसरी गोष्ट शासनाच्या कर्तव्याची आहे. तिचा विचार पुढे केला आहे.

गुजरातचा प्रयत्न

आपल्या देशात सक्तीचा कायदा प्रत्यक्षात आणण्याचा प्रयत्न शेजारच्या गुजरात राज्यात झाला. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांसाठीचे हे विधेयक तेथील विधानसभेने २००९ साली मंजूर केले. राज्यपालांनी ते परत पाठविले, २०११ साली ते पुन्हा मंजूर झाले आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये त्यास संमती मिळाली. २०१५ साली नियम होऊन मतदान न करणाऱ्यास १०० रुपये दंड ठरविण्यात आला. परंतु त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने अंमलबजावणीस स्थगिती दिली. याच विधेयकात स्थानिक संस्थांत स्त्रियांना ५० टक्के आरक्षण देण्याचीही तरतूद होती.

समजा, असाच दंड आपल्याकडे लागू झाला. महाराष्ट्रात २०२४ च्या विधानसभा निवडणुकीस सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार होते आणि सुमारे ६६ टक्के मतदान झाले. म्हणजे सव्वातीन कोटींच्या आसपास नोटिसा काढाव्या लागल्या असत्या, प्रत्येकाचे कारण ऐकावे लागले असते आणि ते खरे की खोटे हे ठरवावे लागले असते. एका बुलढाणा लोकसभा मतदारसंघातच ही संख्या पावणेसात लाखांची होते. हे काम गावपातळीवरील महसूल व पंचायत कर्मचारी आणि शिक्षक यांच्याखेरीज दुसरे कोण करणार ? आणि हातातील कोणती कामे बाजूस ठेवून ?

आपल्याकडे अनुपस्थित कोण असतो ?

कोणताही उपाय योजण्यापूर्वी रोगाचे निदान व्हावयास हवे. पाश्चात्त्य देशांत सामान्यतः गरीब मतदार मागे राहतो. आपल्याकडचे चित्र तसे सरळ नाही. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात सर्वांत कमी, ४४ टक्क्यांच्या जवळपास, मतदान मुंबईतील कुलाबा मतदारसंघात झाले, तर सर्वाधिक, ८५ टक्क्यांच्या जवळपास, मतदान कोल्हापूर जिल्ह्यातील ग्रामीण करवीर मतदारसंघात झाले. बुलढाणा जिल्ह्यातही त्या निवडणुकीत सुमारे ७० टक्के मतदान झाले. कोरडवाहू शेती करणारा जिल्हा महानगरातील संपन्न वस्तीपेक्षा मतदानाच्या बाबतीत पुष्कळ पुढे आहे.

तरीही या जिल्ह्यात दहांतील तीन-चार मतदार राहून जातात. त्यांना सरसकट उदासीन ठरविणे योग्य होणार नाही. घाटावरील तालुके घ्या की घाटाखालचा पूर्णाकाठचा खारपाणपट्टा घ्या, सोयाबीन-कपाशीचा हंगाम आटोपला की हाताला काम उरत नाही. मग अनेक कुटुंबे ऊसतोडीस, वीटभट्टीवर, पुण्या-मुंबईच्या किंवा सुरतेच्या बांधकामांवर जातात. त्यांचे नाव गावच्या यादीत असते आणि माणूस शेकडो किलोमीटर दूर असतो. कायदा मतदाराचे नाव त्याच्या सामान्य निवासाच्या ठिकाणी नोंदवितो. पण वर्षातील सहा महिने एका गावी आणि सहा महिने दुसरीकडे राहणाऱ्याचे सामान्य निवासस्थान कोणते मानावे? मृत व्यक्तींची आणि सासरी गेलेल्या मुलींची नावे यादीत राहून जातात, तर नव्याने आलेल्या सुनेचे नाव चढलेले नसते. अशा नोंदींमुळेही अनुपस्थितांचा आकडा फुगतो. जळगाव जामोद तालुक्यात सातपुड्याच्या कुशीत भिंगारा, गोमाल, चाळीसटापरी यांसारखी आदिवासी गावे आहेत. तेथील वृद्धांच्या व आजाऱ्यांच्या दृष्टीने मतदान केंद्राचे अंतर नकाशावर दिसते त्याहून अधिक असते.

अशा मतदारावर १०० रुपये दंडाचा परिणाम काय होईल ? पुण्याहून गावी येऊन परत जाण्याचे गाडीभाडे आणि बुडालेली दोन दिवसांची मजुरी यांची बेरीज दंडाहून कितीतरी अधिक होते. तो येणार नाही आणि दंडही त्याच्या माथी बसेल. संपन्न वस्तीतील उदासीन मतदार तो दंड सहज भरून मोकळा होईल. दंडाची रक्कम वाढविली तर गरिबाचे ओझे वाढेल. नोटीस काढणे टाळले तर कायदा कागदावर राहील. ज्याची अनुपस्थिती परिस्थितीने लादली आहे त्यास अपराधी ठरविणारा हा उपाय प्रातिनिधिकता वाढवील असे मानण्यास आधार दिसत नाही.

स्त्रियांच्या मतदानाचा धडा

या संदर्भात स्त्रियांचे उदाहरण फार बोलके आहे. १९६२ च्या लोकसभा निवडणुकीत देशातील पुरुषांचे मतदान ६३ टक्क्यांच्या आसपास होते, तर स्त्रियांचे सुमारे ४७ टक्के. हे १६-१७ टक्क्यांचे अंतर हळूहळू घटत गेले. २०१९ साली स्त्रियांची टक्केवारी पुरुषांच्या बरोबरीस येऊन किंचित पुढे गेली आणि २०२४ सालीही तसेच घडले. यासाठी कोणताही दंड करावा लागला नाही. शिक्षणाचा प्रसार, बचत गटांची चळवळ, यादीत स्वतःच्या नावाने झालेली नोंद, जवळचे मतदान केंद्र आणि पंचायतीत मिळालेली जागा यांसारख्या गोष्टींचा यात वाटा आहे.

पण इतक्याने प्रतिनिधित्व मिळाले काय ? २०२४ साली लोकसभेच्या ५४३ जागांवर ७४ स्त्रिया निवडून आल्या. महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांवर २१. बुलढाणा जिल्ह्यातील सात जागांपैकी एका, चिखलीच्या, जागेवर स्त्री निवडून आली. उलट, राज्यातील जिल्हा परिषदा, पंचायत समित्या व ग्रामपंचायतींत २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या आणि तेथील सभागृहांचे स्वरूपच पालटले. बुलढाणा लोकसभा मतदारसंघ १९७७ पासून २००८ च्या पुनर्रचनेपर्यंत अनुसूचित जातींसाठी राखीव होता. आज जिल्ह्यातील मेहकर विधानसभा मतदारसंघ तसा राखीव आहे. कसोटीच्या दुसऱ्या भागास, म्हणजे माणसांच्या प्रतिनिधित्वास, अशा तरतुदी उपयोगी पडल्या. मतदानाची टक्केवारी कितीही चढली तरी उमेदवारी कोणास मिळते, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

मत न देण्याचा अर्थ

मत न देणे हेही कधी कधी एक मत असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३ च्या निर्णयानंतर मतदान यंत्रावर 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्याय आला. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीण मतदारसंघात या पर्यायास दुसऱ्या क्रमांकाची, २७ हजारांहून अधिक मते पडली. महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने तर नोव्हेंबर २०१८ मध्येच, स्थानिक निवडणुकीत या पर्यायास सर्वाधिक मते मिळाल्यास फेरनिवडणूक घ्यावी असे ठरविले. हा पर्याय असल्यामुळे सक्ती सुसह्य होईल, असा युक्तिवाद केला जातो व त्यात तथ्य आहे. परंतु रस्ता, पाणी, वीज यांच्या मागणीसाठी एखादे गाव जेव्हा मतदानावर बहिष्कार टाकते, तेव्हा ते उमेदवारांना नाकारीत नसते. आपल्याकडे कोणी पाहत नाही, हे ते सांगत असते. २६ एप्रिल २०२४ रोजी वऱ्हाडातच, मेळघाटातील काही गावांनी असा बहिष्कार टाकला होता. बहिष्कार हा मार्ग श्रेयस्कर नाही, हे खरे. तरीही ते रिकामे मतदान केंद्र प्रशासनास जे सांगते, ते दंडाच्या भीतीने भरलेले केंद्र सांगू शकणार नाही.

सक्तीची दुसरी बाजू

ऑस्ट्रेलियाची तिसरी गोष्ट येथे लक्षात घ्यावयाची आहे. तेथे नागरिकावर सक्ती करताना शासनाने स्वतःवरही काही बंधने घालून घेतली. मतदान शनिवारी होते. मतदार आपल्या राज्यातील कोणत्याही केंद्रावर मत देऊ शकतो. टपालाने किंवा मतदानाच्या दिवसापूर्वीही मत देता येते. दूरच्या वस्त्यांवर फिरती मतदान पथके जातात. मत दिलेच पाहिजे असे म्हणणाऱ्या शासनास मत देता येईल अशी व्यवस्था करावीच लागते. सक्तीच्या विचारातील घेण्याजोगा भाग हाच आहे आणि तो घेण्यासाठी नागरिकावर दंड बसविण्याची गरज नाही.

आपल्याकडेही या दिशेने काही पावले पडली आहेत. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरील आणि ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मतदारांना घरून मतदान करण्याची सोय मिळाली. यादीत नाव येण्यासाठी पूर्वी १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख होती. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर अशा चार झाल्या. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे १३५-ब कलम मतदानाच्या दिवशी कामगारास भरपगारी सुटी देण्यास मालकास बांधून घेते व रोजंदारीवरील मजुरासही ते लागू आहे. मात्र वीटभट्टीवरील किती मजुरांना ते ठाऊक आहे ? शिवाय एका दिवसाच्या सुटीने शेकडो किलोमीटरचे अंतर तुटत नाही. परगावच्या मतदारास कामाच्या ठिकाणीच मत देता यावे यासाठी निवडणूक आयोगाने दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना तयार करून जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांपुढे मांडला. त्यावर एकमत होऊ शकले नाही. यंत्राच्या विश्वासार्हतेविषयीच्या शंकांचे निरसन झालेच पाहिजे. पण स्थलांतरित मजुराच्या मताचा प्रश्न तेवढ्याने मिटत नाही.

समारोप

या विवेचनावरून निष्कर्ष निघतो तो असा. सक्तीने मतदान वाढते; ज्या समाजात उदासीनता हेच अनुपस्थितीचे मुख्य कारण असेल तेथे तिचा लाभही होऊ शकतो. परंतु बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात अनुपस्थितीची मुळे स्थलांतरात, सदोष यादीत आणि दुर्गमतेत पसरलेली आहेत. तेथे दंडाची सक्ती आणणे म्हणजे व्यवस्थेतील उणिवेची शिक्षा मतदारास देणे होय. आधी यादी शुद्ध व्हावी, मतदान केंद्र मतदारापर्यंत पोहोचावे आणि परगावच्या मजुरास मत देण्याचा मार्ग मिळावा. एवढे झाल्यावरही जो घरी बसेल, त्याच्याविषयी सक्तीचा विचार करण्यास पुष्कळ अवसर आहे.

तोपर्यंत नागरिकांच्या हाती असलेले काम लहान नाही. घरातील अठरा वर्षे पूर्ण केलेल्या मुलामुलींची आणि कोणत्याही यादीत नोंद नसलेल्या नव्या सुनेची नावे नमुना क्रमांक ६ भरून यादीत आणावीत. पत्ता बदलला असल्यास किंवा नावात चूक असल्यास नमुना क्रमांक ८ भरावा. कामासाठी बाहेर जाणाऱ्या कुटुंबांनी गाव सोडण्यापूर्वी मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे आपली नोंद तपासून घ्यावी. तसेच दोन निवडणुकांमधील काळही विसरू नये. ग्रामसभेच्या गणपूर्तीस मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढ्या व्यक्ती पुरेशा असतात. तरीही सभा तहकूब करण्याची पाळी येते आणि तहकूब सभा गणपूर्तीवाचून पार पडते. पाणी, रस्ता आणि रोजगार हमीची कामे यांचे निर्णय अशा सभांत होतात. ज्या गावाची ग्रामसभा भरलेली असते, त्या गावाचे म्हणणे टाळून पुढे जाणे कोणत्याही लोकप्रतिनिधीस कठीण असते.